खुडूक कोंबडी आणि विजेचा मनोरा

मानखुर्दला माझ्या आत्याच्या घरामागे विजेचा उंच मनोरा आहे. गेल्या खेपेला तिची कोंबडी दहा अंड्यांवर बसली, पण पिल्ले सहाच निघाली. शेजारीण म्हणाली, "तारांनीच अंडी नासवली गं!" आत्या कोंबड्या विकायलाच निघाली. मी गुरुजींना विचारले.

गुरुजी म्हणाले, वीज वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र असते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबकीय नोंदींचे काम अलिबागला हलवले. तेथे १९०४ पासून नोंदी होतात.

अंडे उबवू लागल्यावर दोन दिवसांतच गर्भाचे हृदय धडधडू लागते. स्पेनमधील होजे डेल्गादो यांनी १९८२ साली अंड्यांना पहिले ४८ तास सौम्य चुंबकीय ठोके दिले, तेव्हा अनेक गर्भांची वाढ बिघडली. मग सहा प्रयोगशाळांनी सारख्याच उपकरणांनी तोच प्रयोग केला. दोन ठिकाणी बिघाड ठळक दिसला, चार ठिकाणी तितका ठळक दिसला नाही. म्हणजे शंका आहे, पक्का निकाल नाही. शिवाय ते ठोके मनोऱ्याच्या तारांसारखे नव्हते, आणि तारेपासून लांब गेले की क्षेत्र कमी होत जाते.

यंदा आम्ही सातव्या दिवशी रात्री अंडी बॅटरीच्या उजेडात धरली. सातांत लाल शिरांचे जाळे दिसले, तीन कोरी. ती फोडून पाहिली तर आत रक्ताची रेघही नाही. बहुधा ती फळलीच नव्हती!

आत्याने कोंबड्या ठेवल्या. मनोऱ्याला दोष देण्याआधी अंडे उजेडात धरून पाहा बरं!