दिवंगतांचं पान

आषाढ संपत आला की आमच्या मंडळाच्या चिटणीसाचा फोन येतो. ‘साहेब, दिवंगतांचं पान.’ एवढंच तो बोलतो आणि मलाही पुढचं विचारावं लागत नाही.

मंडळ डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींतलं. रस्त्याचं नाव बदलून ना. म. जोशी मार्ग झालं त्याला कित्येक वर्षं लोटली. पण जिथे जन्म गेला तिथली नावं पाटी बदलल्यानं बदलत नाहीत. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत अध्यक्षांचं मनोगत असतं, जमाखर्च असतो, जाहिराती असतात, आणि त्यांच्या मधोमध काळ्या चौकटीचं एक पान असतं. गेल्या गणपतीपासून या गणपतीपर्यंत चाळीतले जे गेले त्यांची नावं आणि प्रत्येकाविषयी दोन ओळी. मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे हे काम माझ्याकडे येणार हे ठरलेलंच. त्यातून जन्मभर बँकेत काढलेला माणूस; नाव, वय, तारीख चुकणार नाही अशी मंडळाची खात्री.

पूर्वी यादी करायला कष्ट पडत नसत. चाळीच्या तोंडाशी फळा होता. एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली एकशे साठ चौरस फुटांची, प्रत्येक मजल्यावर सामायिक संडास. अशा ठिकाणी कोण आजारी आहे हे भिंतींनाच कळायचं; फळा फक्त शिक्कामोर्तब करायचा. त्यावर लिहायचे ते मास्तर. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते गिरणीत कारकून होते, पण अक्षर असं की सगळे मास्तरच म्हणत. सत्यनारायणाची पूजा, हळदीकुंकू, पाणी बंद राहील, यासाठी रंगीत खडू. निधनासाठी फक्त पांढरा. आणि त्यांचा एक दंडक होता : अंत्ययात्रा निघेपर्यंत नावाआधी ‘कै.’ लिहायचं नाही. ‘अजून माणूस घरात आहे,’ म्हणायचे. यात्रा परतली की मग ते खाली उतरत आणि त्या नावापुढे दोन अक्षरं वाढवत.

यंदाच्या नऊ नावांत पहिलं नाव मास्तरांचं आहे. पुनर्विकासासाठी चाळी रिकाम्या होऊ लागल्या तशी माणसं पांगली. कोणी संक्रमण शिबिरात, कोणी भाडं घेऊन डोंबिवलीकडे, कोणी विरारला मुलाकडे. एकशे साठ फुटांच्या जागी पाचशे फुटांचं घर मिळणार, ही काही लहान गोष्ट नव्हे. जुन्या चाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा तिथल्या संडासापुढच्या रांगेत उभं राहून पाहावं. पण मास्तर शिबिरातल्या नवव्या मजल्यावर गेले आणि मला ते कळलं ते मोबाइलवर. नावाआधी ‘कै.’ होतंच. अंत्यविधी उरकून गेला होता. ज्यानं सबंध चाळीला वेळेवर खांद्याला बोलावलं, त्याच्या खांद्याला चाळीतली पाच माणसंही नव्हती.

दुसरं नाव नानांचं. चिटणीसानं कच्च्या यादीत त्यांच्यापुढे ‘मनमिळाऊ, कष्टाळू’ असं लिहून पाठवलं होतं. या शब्दांशी माझं जुनं वैर आहे. मेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ कसा असतो? नाना नळावर भांडायचे. होळीच्या वर्गणीवरून भांडायचे. मोठ्यानं बोलायचे, कारण साचेखात्यात वर्षानुवर्षं शेकडो मागांच्या खडखडाटात उभं राहून कान गेले होते. समोरच्याचे ओठ पाहून ते बोलणं ओळखत, त्यामुळे त्यांच्या पाठीमागे काहीही बोललं तरी चालायचं, याचा आम्ही पोरांनी पुरेपूर फायदा घेतला.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधीच जाहीर झालं नाही. म्हणजे हिशेबानं पाहिलं तर तो अजून उघडाच आहे. १९८३ मध्ये सरकारनं तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. त्यांतल्या एका गिरणीत नाना पुन्हा लागले आणि ती बंद होईपर्यंत राहिले. चाळीतली खोली थोरल्या भावाच्या नावावर. त्यामुळे गिरणी कामगारांच्या घरांची योजना आली तेव्हा नानांनी अर्ज भरला. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागायचा. नानांनी तिकीट, हजेरीचं कार्ड, फंडाची पावती, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं. २०१२ च्या सोडतीत नाव लागलं नाही, पुढेही लागलं नाही. दर नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला द्यायला माझ्या शाखेत यायचे. पेन्शन तुटपुंजी, पण दाखला चुकवायचे नाहीत. टेबलापाशी उभे राहून सगळ्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, ‘मी जिवंत हाय. लिही!’ मी निवृत्त झालो तरी त्यांनी शाखा बदलली नाही. फक्त ओरडायला आता ओळखीचं कोणी नाही अशी तक्रार माझ्याकडे केली.

त्यांच्यापुढे मी ‘साचेखात्यात होते, घराचा अर्ज प्रलंबित’ असं लिहिलं. चिटणीसाला ते पटलं नाही. पण राहू दिलं.

नऊंतला एक अवघा चौतीस वर्षांचा. ढोलपथकात होता. त्याच्याविषयी मला दोन ओळी सुचल्या नाहीत, नुसती जन्मतारीख आणि दुसरी तारीख लिहिली. बाकी पाच जण वयानं, आजारानं गेले. त्यांच्या घरच्यांनी जे सांगितलं ते मी लिहिलं आहे.

राहिल्या आक्का.

आक्कांची खानावळ होती. गिरणगावात अशा कितीतरी. गावाकडून आलेले गडी एकेका खोलीत पंधरा-वीस जण राहायचे, पाळ्या लागतील तसे झोपायचे आणि जेवायला कुठल्या तरी आक्काकडे, मावशीकडे. या बायकांना सावकाराशिवाय कोणी उभं करत नसे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं आणि खानावळवाल्या बायकांना बँक कर्ज देऊ शकते, त्या ते फेडूही शकतात, हे दाखवून दिलं. पुढे आमच्या शाखेनंही काही जणींना चार टक्के व्याजाच्या योजनेत कर्ज दिलं. आक्कांना दीड हजार रुपये मिळाले, ते १९८१ मध्ये. मी तेव्हा नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. त्यांचा अर्ज मीच भरला आणि अंगठा कुठे उठवायचा तेही मीच दाखवलं.

संप लागला. आक्कांकडे पस्तीस जेवणारे होते. पगार नाही म्हणून त्यांनी एकालाही उठवलं नाही. ‘संप मिटला की देतील,’ हा त्यांचा हिशेब. तो साऱ्या गिरणगावाचाच होता. मग महिन्यामागून महिने गेले, आणि एकेक गडी गावाला जाऊ लागला. जाताना कोणी पाया पडून गेला, कोणी रात्रीच्या एसटीनं न सांगता. त्या न सांगता गेलेल्यांत माझा सख्खा चुलता होता. आमच्या खोलीत सात माणसं, म्हणून तो गावकऱ्यांच्या खोलीत राहायचा आणि आक्कांकडे जेवायचा. पाटण तालुक्यातल्या गावाला गेला तो परत आला नाही.

१९८३ मध्ये आक्कांचे हप्ते थकले. शाखेतून नोटिसा निघाल्या. टाइप करायचं काम माझ्याकडे. आक्कांची नोटीस मी टाइप केली, साहेबांची सही घेतली, जावक नोंदवहीत नोंदवली. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्या ती घेऊन आमच्या दारात उभ्या. ‘ह्ये कागूद वाचून दाव रं बाबा.’ मी माझंच पत्र त्यांना वाचून दाखवलं. पंधरा दिवसांच्या आत थकबाकी न भरल्यास कायदेशीर कारवाई, वगैरे. ते मी टाइप केलंय, हे सांगितलं नाही. त्यांनी कागदाची चौघडी केली, कनवटीला लावली आणि विचारलं, ‘तुझा चुलता बरा हाय न्हवं गावाकडं?’

त्यात तगादा होता की नुसती विचारपूस, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. खानावळ मोडली. त्या लोकांच्या पोळ्या लाटू लागल्या. वीस-वीस रुपये आणून भरायच्या. पासबुकात नोंद मी करायचो. १९८७ मध्ये खातं फिटलं. चुलत्याचं येणं मी तेव्हा सहज देऊ शकलो असतो. माझा पगार चालू होता, घरात तेवढा एकच होता हे खरं, पण चालू होता. आधी पुढच्या महिन्यावर टाकलं, मग विषय काढायचीच लाज वाटू लागली. अशी चाळीसहून अधिक वर्षं गेली.

या वैशाखात आक्का गेल्या. बाराव्याला त्यांच्या मुलानं मला जुनी वही दाखवली. नावं त्याच्या बालपणीच्या अक्षरात, कारण आक्कांना लिहिता येत नव्हतं; जेवणाच्या रेघा आक्कांच्या. चार उभ्या, एक आडवी. पस्तीस पानं. चुलत्याचं पान मी शोधून काढलं. दोनशे अकरा रेघा. दर कुठेच लिहिलेला नाही आणि बेरीज कोणत्याच पानावर केलेली नाही. चार टक्क्यांनी का होईना, आकडा काढावा म्हणून घरी कागद घेऊन बसलो, पण मुद्दलच माहीत नाही.

शेवटी मुलाला फोन करून सगळं सांगितलं, नोटिशीचंसुद्धा. तो हसला. ‘दादा, त्या वहीत प्रत्येक मजल्यावरचं कोणी ना कोणी आहे. तुम्ही पहिले बोललात एवढंच. पैसे नकोत.’ मग म्हणाला, ‘पानावर आईचं काय लिहिलंत ते वाचा.’

मी वाचलं : ‘खानावळ चालवली. संपात पस्तीस जणांना जेवू घातलं. बँकेचं कर्ज पूर्ण फेडलं. येणं बाकी.’

तो थोडा वेळ गप्प राहिला. ‘शेवटचे दोन शब्द काढा. तिला आवडलं नसतं.’

मी काढले. पान काल छापखान्यात गेलं. इथे मात्र ते दोन शब्द राहू देतो.