पाटी नसलेली खोली
(लेखमाला : दारूच्या पलीकडे – भाग ६)

मे १९३५. अमेरिकेतल्या ॲक्रन शहरातल्या मेफ्लॉवर हॉटेलात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल येरझाऱ्या घालत होता. सौदा फिसकटला होता, खिशात फारसं काही उरलं नव्हतं आणि बारमधला गलका कानावर येत होता. दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते. तो बारकडे न जाता टेलिफोनकडे गेला. तिथे लावलेल्या चर्चच्या यादीवरून त्याने फोन फिरवायला सुरुवात केली. शोधत होता तो दुसरा दारुडा! आपलं पिणं थांबवायचं असेल तर दुसऱ्या पिणाऱ्याशी बोललं पाहिजे, एवढं त्याला उमगलं होतं.

त्यातून गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस, १० जून १९३५, हा ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा, म्हणजे ए.ए.चा स्थापनादिन मानतात.

ही गोष्ट इतक्या तपशिलाने सांगायचं कारण आहे. दारू सोडणाऱ्यांच्या ए.ए. गटाला फोन करायला माणूस कचरतो, तो बहुतेकदा ‘उगाच कुणाला कशाला त्रास’ असं स्वतःला सांगत. प्रत्यक्षात फोन उचलणारा पगारी नोकर नसतो, तोही कधीकाळी पीतच होता. नव्या माणसाशी बोलणं हा त्याच्या स्वतःच्या न पिण्याचा भाग असतो. म्हणजे फोनची गरज दोन्ही टोकांना आहे.

अडचण असते ती गट सापडण्याची. भारतात ए.ए. १९५७ साली मुंबईत सुरू झाली. आज शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, एखाद्या संस्थेची रिकामी खोली अशा ठिकाणी संध्याकाळी मीटिंगा भरतात. पण नाव गुप्त राखणं हाच पाया असल्यामुळे गल्लीतल्या लोकांनाही अनेकदा पत्ता नसतो. जी गुप्तता आतल्याला सांभाळते, तीच बाहेरच्याला चकवते. ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूमुळे मदतीची गरज असलेले भारतीय सुमारे ५ कोटी ७० लाख आहेत आणि दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलेही उपचार मिळतात. त्यामागे कारणं अनेक. दार न सापडणं हे त्यातलं एक.

मग शोधायचं कुठे? ए.ए.च्या संकेतस्थळावर शहरवार मीटिंगा मिळतात. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ १४४१६. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकाला आसपासचे गट बहुधा माहीत असतात. तालुक्यात गटच नसेल तर ऑनलाइन मीटिंग आहे. परदेशात एकट्या पडलेल्या मराठी माणसालाही ती सोयीची.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्याही आधी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबणं धोक्याचं असू शकतं. हात थरथरणं, घाम फुटणं इथपासून फिट येणं, भास होणं इथवर मजल जाते आणि वेळीच उपचार न झाल्यास जीवही जाऊ शकतो. तेव्हा आधी डॉक्टर. गट हा दवाखाना नाही.

मीटिंग साधारण तास-दीड तासाची. ‘ओपन’ मीटिंगला घरचे किंवा नुसते उत्सुक लोकही बसू शकतात, ‘क्लोज्ड’ फक्त पिणं सोडू पाहणाऱ्यांसाठी. पहिलं नाव पुरतं. एकेक जण आपली कहाणी सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कुणी सल्ला देत नाही. मराठी घरात, जिथे प्रत्येक काकाकडे रामबाण उपाय असतो, तिथून आलेल्याला हे जरा चमत्कारिकच वाटतं! बोलण्याची सक्ती नसते. फी नाही, सदस्य होण्याची अट एकच : पिणं थांबवण्याची इच्छा. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते. नवख्याने त्यात काही टाकलं नाही तरी चालतं.

देवाचा उल्लेख अनेकांना खटकतो. ए.ए.च्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्यांत तो आहेच, पण ‘आपल्याला समजेल तसा’ या मोकळिकीसह. अट्टल नास्तिकाला तरीही अवघडल्यासारखं होईल, हे कबूल केलेलं बरं. पहिला गट जमला नाही तर दुसरा पाहावा. प्रत्येक गटाची हवा वेगळी असते.

हे सगळं भाबडं वाटत असेल, तर ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०२०मध्ये घेतलेला वैद्यकीय अभ्यासांचा आढावा पाहावा. २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोक त्यात होते. पूर्ण दारू सोडून राहण्याच्या कसोटीवर, ए.ए.शी जोडून देणाऱ्या सुसूत्र उपचारपद्धती इतर मान्यताप्राप्त पद्धतींपेक्षा सरस ठरल्या. पिण्याचं प्रमाण कमी करण्यासारख्या बाबींत मात्र त्या साधारण इतरांइतक्याच.

घरच्यांचं काय? पिणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी ‘अल-अनॉन’ १९५१ साली सुरू झाली, तीही बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांच्या पुढाकाराने. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली उभारलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींचा ‘सहचरी’ गट आहे. नवरा अजून पीत असतानाही बायकोने अशा गटात जावं का, याचं उत्तर ‘हो’ असं आहे. ते का, हे पुढच्या आठवड्यात.