वजन ९४६

शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपल्या पोटात काय चाललंय याची वानगी सतत बाहेर मांडत असते. आतली प्रथिनं मोडतात, त्यांतले बहुधा नऊ अमिनो आम्लांचे तुकडे एचएलए नावाचे रेणू उचलतात आणि पृष्ठभागावर धरून ठेवतात. रोगप्रतिकारक टी-पेशी येता-जाता ते चाचपतात. तुकडा परका वाटला, तर त्या पेशीचा निकाल लावतात.

बाहेर नेमकं काय मांडलंय हे वाचणं मात्र महाकठीण होतं. १९९२ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डोनाल्ड हंट, व्हिक्टर एंगेलहार्ड आणि सहकाऱ्यांनी या कामाला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंची वजनं घेणारं यंत्र, जुंपलं. एचएलए-ए२ या एचएलएच्या एका प्रकारावरची २०० पेप्टाइडं, म्हणजे असे तुकडे, त्यांनी मोजली. क्रम लागला तो फक्त ८ पेप्टाइडांचा.

पद्धत आजही मुळात तीच आहे. पेशी डिटर्जंटनं फोडायच्या, एचएलएला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांवर ते रेणू अडकवायचे आणि आम्ल घालून पेप्टाइडं सोडवायची. मग केसासारख्या बारीक नळीतून ती एकामागून एक यंत्रात फवारली जातात. यंत्र आधी अख्ख्या पेप्टाइडचं वजन घेतं, मग वायूच्या रेणूंवर आपटून त्याचे तुकडे करतं आणि त्यांचीही वजनं घेतं.

१९९४ साली याच गटापुढे मेलानोमाचं, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाचं, कोडं होतं. पाच रुग्णांच्या टी-पेशी कोणत्या तुकड्यावर तुटून पडतात? त्यांनी नळीतून येणारा द्रव दोन वाटांनी सोडला. थोडा यंत्रात, बाकीचा टी-पेशींच्या चाचणीसाठी. जिथे टी-पेशी चवताळल्या, तिथे यंत्रात ९४६ वजनाचं आयन उमटलं होतं. त्याच्या तुकड्यांची वजनं मांडली, तर २७७, ४०६, ५०३, ५६० अशी चढण दिसते. फरक काढा: १२९, ९७, ५७. म्हणजे ग्लुटामिक आम्ल, प्रोलिन, ग्लायसिन ही अमिनो आम्लं. वजाबाकी येणाऱ्या कुणालाही जमावं! पण ल्युसिन आणि आयसोल्युसिन दोघांचंही वजन ११३, तिथे नुसत्या वजनावर भागत नाही. प्रथिनाचा माहीत असलेला क्रम ताडून पाहावा लागतो. हा तुकडा निघाला जीपी१०० या प्रथिनाचा. त्यात बिघाड काहीच नव्हता, रंगपेशींचं ते नेहमीचंच प्रथिन.

आता यंत्रं कितीतरी तीक्ष्ण झाली आहेत. २०१६ साली जर्मनीतल्या संशोधकांनी २५ मेलानोमा रुग्णांच्या गाठींतून ९५ हजारांवर पेप्टाइडं वाचली. त्यांत उत्परिवर्तित, म्हणजे खास कर्कपेशींचीच, निघाली अवघी ११. त्यांतल्या ४ पेप्टाइडांना टी-पेशींनी प्रतिसाद दिला. कोणता तुकडा पृष्ठभागावर येईल याचे अंदाज संगणक भराभर देतो, पण त्यावर कर्करोगाची लस बेतण्याआधी तो तुकडा खरंच तिथे होता, हा पुरावा यंत्राकडूनच घ्यावा, असं मला वाटतं.

९४६ वजनाचा तो तुकडा पुढे एका औषधाचं लक्ष्य झाला. जीपी१०० चे तेच नऊ घटक हेरून टी-पेशींना गाठीपाशी खेचणाऱ्या टेबेंटाफस्पला अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये डोळ्यातल्या मेलानोमासाठी मान्यता मिळाली. ३७८ रुग्णांच्या चाचणीत एका वर्षानंतर हे औषध घेणारे ७३ टक्के रुग्ण हयात होते, इतर उपचार घेणारे ५९ टक्के. मात्र ते एचएलए-ए*०२:०१ असणाऱ्यांनाच देतात. भारतात ए२ चे ०२:११ सारखे इतर पोटप्रकारही बरेच आढळतात, त्यामुळे इथे ‘ए२ आहे’ एवढ्या अहवालावर भागत नाही. पुढचे आकडेही तपासून घ्यावे लागतात.