दगडावर नाव, दाराला कुलूप

माझे आजोबा महार रेजिमेंटमध्ये शिपाई होते. पलटणीत जाईपर्यंत ते अंगठा उठवत. सही करायला शिकले ते पलटणीतच. त्यांच्या पेन्शनीतून माझ्या कॉलेजची फी भरली गेली आणि घरातला पहिला पदवीधर मी झालो. म्हणून शौर्याचा इतिहास वाचताना माझे लक्ष तलवारीच्या आधी या सहीकडे आणि या पेन्शनीकडे जाते.

मागे वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, कोरेगावला आपली माणसं इंग्रजांच्या बाजूनं लढली. त्याचा अभिमान कसा बाळगायचा?" प्रश्न प्रामाणिक होता. तो टाळून चालणार नाही.

१ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कंपनीच्या सुमारे ८०० सैनिकांनी पेशव्यांच्या मोठ्या फौजेला दिवसभर थोपवून धरले. पुढे उभारलेल्या स्तंभावर कंपनीच्या सैनिकांची ४९ नावे कोरली आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, ती महारांची. उरलेल्यांत मराठे, रजपूत, मुसलमान आहेत. पेशव्यांकडून अरब लढत होते. दोन्हीकडे पगारी शिपाई होते. मग देशाचा जाब एकट्या महारालाच का विचारला जातो? दगडावर 'नाक' कोरले जाणे हेच समाजमनाला सलते, हे त्याचे खरे उत्तर आहे.

पण दगडाने काय दिले, हेही आपण पाहिले पाहिजे. इतके शौर्य गाजवूनही १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. हे कसे घडले? त्या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते. काही जाती जन्मानेच लढवय्या आणि उरलेल्या निरुपयोगी, असा 'लढाऊ जमातीं'चा सिद्धांत त्यांनी लष्करात रुजवला. त्याबरोबर जातवार कंपन्यांची रचना आली. पूर्वी पलटणी मिश्र असत. गुणांवर महार शिपाई सुभेदार होई आणि सवर्ण शिपायाला त्याला सलाम ठोकावा लागे. जातवार रचनेत ही अडचण उरली नाही. ज्यांची कंपनीच काढायची नाही, त्यांना दार आपोआप बंद झाले. साहेबाचा सिद्धांत आणि इथली अस्पृश्यता यांचे असे छान जुळले.

या बंदीने केवळ बंदूक गेली नाही. कंपनीच्या लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावची शाळा बंद असलेल्या माणसांसाठी छावणी हीच शाळा होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार अशाच लष्करी शाळेत शिकवत. गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले. त्यांची लेखणीही पलटणीतूनच आली. भरती थांबली तशी शाळा थांबली, पेन्शन थांबली.

वलंगकरांनी १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज तयार केला. त्यात त्यांना 'आम्ही मूळचे क्षत्रिय' असे मांडावे लागले. मला हे वाचताना वाईट वाटते. ज्या जातिविचाराने दार लावले, त्याचीच भाषा बोलून दार ठोठवावे लागत होते. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. उत्तर मिळाले ते युद्धाच्या गरजेतून. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. गरज पडली की लढवय्ये, गरज सरली की अस्पृश्य!

१९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभाशी गेले. त्यांनी भरतीचा प्रश्न सोडला नाही. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. आज या रेजिमेंटमध्ये सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. १९८७ मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले, परमवीर चक्राचे मानकरी मेजर रामस्वामी परमेश्वरन हे याच रेजिमेंटचे. जातीमुळे बाहेर ठेवलेल्यांच्या नावाची पलटण सर्वांना आत घेते, हे मला मोठे वाटते.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले: स्तंभाला अभिवादन जरूर कर. पण तिथून परतताना १८९२ हे सालही लक्षात ठेव. नाव दगडावर असूनही दाराला कुलूप पडू शकते. शौर्य सिद्ध करून हक्क मिळत नाहीत. ते मागून, भांडून घ्यावे लागतात आणि मिळाल्यावर राखावे लागतात.