गिळलेला बटण सेल ‘शीतून पडेल’ म्हणून थांबू नका

‘केळं खाऊ घाला, शीतून पडून जाईल.’ नाणं किंवा मणी पोटात उतरला तर तो बहुतेकदा पडतोही, म्हणून हा सल्ला घरोघरी टिकून आहे. बटण सेलच्या बाबतीत मात्र तो घातक ठरतो. रिमोटमधला किंवा वजनकाट्यातला चपटा लिथियम सेल साधारण 20 मिलिमीटर व्यासाचा असतो आणि लहान मुलाच्या अन्ननलिकेत सहज अडकतो. ओलं अस्तर त्याला भिडताच वीज वाहू लागते, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि ऊती विरघळू लागतात. अवघ्या 2 तासांत खोल जखम होऊ शकते. सेल फुटावाही लागत नाही. रिमोट चालेना म्हणून काढून ठेवलेल्या ‘संपलेल्या’ सेलमध्येही एवढी वीज उरलेली असते.

‘मूल खेळतंय, म्हणजे काही झालं नाही.’ सुरुवातीला फक्त लाळ गळते, खोकला येतो, मूल घास नाकारतं, सर्दीच वाटते. नुसता संशय आला तरी लगेच एक्स-रे काढा. नाण्यासारख्या गोल सावलीला दुहेरी कडा दिसली, तर तो सेल समजायचा.

‘मिठाचं पाणी पाजून उलटी काढावी.’ अजिबात नाही. एक वर्षावरचं मूल नीट गिळू शकत असेल आणि सेल गिळून 12 तास झाले नसतील, तर दवाखान्याच्या वाटेवर दर 10 मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने सेल निघत नाही, भाजणं थोडं मंदावतं. त्यासाठी निघायला उशीर करू नये.

‘दुर्बिणीने सेल काढला, सुटलो.’ जखम पुढेही खोल जात राहते. काही दिवसांनी, आठवड्यांनीसुद्धा श्वासनलिकेत भोक पडू शकतं, क्वचित महाधमनीलाही. उलटीत किंवा शौचात रक्त दिसलं तर तडक रुग्णालय गाठा. पुढे अन्ननलिका आकसली, तर फुग्याने ती पुन्हा पुन्हा रुंद करावी लागते.

‘अन्ननलिकेला भोक पडलं म्हणजे छाती उघडणार.’ मूल स्थिर असेल आणि गळती मर्यादित असेल, तर बऱ्याचदा प्रतिजैविकं, नळीवाटे अन्न आणि गरज पडल्यास छातीतला द्रव काढणारी नळी एवढ्यावर भागतं. तोंडाने मात्र काहीही द्यायचं नाही. मूल रडतं म्हणून आजी बिस्किटाचा तुकडा पुढे करते, तोसुद्धा नको. औषध पाजून काढलेल्या एक्स-रेत गळती थांबलेली दिसली, की डॉक्टर पहिला घोट देतात.