जेद्दाच्या घरात प्रवाळांची टाकी

नोकरीनिमित्त सौदी अरेबियात आणि आखाती देशांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांची सुट्टीची संध्याकाळ बहुधा ठरलेली असते. समुद्रकिनारा, मॉल, नाहीतर कोणाच्या तरी घरी दावत. आम्हीही जेद्दात आल्यावर सुरुवातीला तेच केले. पुढे मुलांना काचेच्या तळाच्या बोटीतून तांबड्या समुद्रातले प्रवाळ दाखवले आणि घरात समुद्री टाकीचा विषय निघाला. आज पाच वर्षे झाली, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात खाऱ्या पाण्याची एक छोटी टाकी आहे. घरी येणारे पाहुणे दोन प्रश्न हमखास विचारतात. हे जमते कसे? आणि तुम्ही गावी गेल्यावर या जिवांचे काय होते? आमच्या मते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे, टाकी नंतर घ्यावी.

प्रवाळ म्हणजे पोवळे, अरबी-उर्दूत मरजान. सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर मरजानचा उल्लेख आहे, म्हणून हा शब्द आपल्या घरांत परका नाही. पण प्रवाळ हा दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो लहान लहान प्राण्यांचा समूह आहे. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशावर अन्न तयार करून यजमानालाही देते. पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते, प्रवाळ पांढरे पडतात आणि तसेच राहिले तर उपासमारीने मरतात. घरच्या टाकीत नेमके हेच सांभाळायचे असते: पाणी, प्रकाश आणि तापमान.

आमची टाकी ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच आहे. वाळू आणि खडक वजा जाता तिच्यात सुमारे ७५ लिटर पाणी राहते. भरलेल्या टाकीचे वजन शंभर किलोच्या वर जाते, म्हणून साधे टीपॉय चालत नाही. मजबूत स्टँड हवा, तोही खिडकीच्या उन्हापासून दूर.

पहिली गोष्ट पाणी. जेद्दाच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः समुद्राचेच, शुऐबासारख्या प्रकल्पांत गोडे केलेले असते. पण ते इमारतीच्या टाक्या आणि नळांतून येते. त्यात तांब्याचा अंश उतरला तर कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ तग धरत नाहीत. म्हणून आर.ओ. आणि त्यापुढचा रेझिनचा फिल्टर लावून शुद्ध केलेले पाणीच वापरावे. त्यात मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री मीठ लिटरला सुमारे ३६ ग्रॅम या हिशेबाने विरघळवावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण प्रवाळांना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही लागते. तांबड्या समुद्रात क्षारांचे प्रमाण हजारी ४० च्या आसपास असते. दुकानातले बहुतेक जीव मात्र इतर समुद्रांतले असतात, म्हणून टाकीत ३५ ठेवावे. तापमान २५ ते २६ अंश.

यातला बाष्पीभवनाचा भाग आम्ही मुलांना गणित म्हणून शिकवला. ए.सी.च्या खोलीत रोज लिटर-दीड लिटर पाणी उडून जाते, मीठ मात्र मागेच राहते. आठवड्यात १० लिटर उडाले आणि कोणी भरले नाही, तर ३५ चे प्रमाण ४० वर जाते. म्हणून रोजची भर गोड्या शुद्ध पाण्याची घालायची. खारे पाणी फक्त पाणी बदलताना वापरायचे, आठवड्याला सुमारे एकदशांश.

दुसरी गोष्ट सब्र. टाकीत पाणी, वाळू आणि जिवंत खडक ठेवले की लगेच मासे सोडता येत नाहीत. घाणीतून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषासारखे आहेत. हे जीवाणू खडकावर पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात मुलांनी चाचणीच्या बाटल्या वापरून वहीत आकडे लिहिले आणि आलेख काढला. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तेव्हाच आधी गोगलगायी, मग क्लाउनफिशची एक जोडी आणली. हे मासे टाकीत पैदास केलेले मिळतात. समुद्रातून पकडलेल्या माशांपेक्षा तेच घ्यावेत. प्रवाळही शक्यतो टाकीत वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे घ्यावेत. किनाऱ्यावरून स्वतः तोडून आणण्याचा विचारही करू नये.

लहान मुलांच्या घरासाठी एक सूचना महत्त्वाची. झोअँथस नावाचे रंगीत, फुलांसारखे दिसणारे प्रवाळ स्वस्त आणि लोकप्रिय आहेत. त्यांतल्या आणि त्यांच्या जवळच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. त्यांना हातमोजे आणि चष्म्याशिवाय हात लावू नये. असे प्रवाळ असलेला खडक साफ करण्यासाठी कधीही उकळू नये. त्या वाफेने घरातली माणसे आजारी पडू शकतात. आम्ही ही जात आणलीच नाही. मशरूम आणि लेदर या साध्या मऊ प्रवाळांनी टाकी पुरेशी भरते.

आता तो दुसरा प्रश्न. उन्हाळी सुट्टीत जवळपास दोन महिने आम्ही रत्नागिरीला असतो. त्याच दिवसांत जेद्दात बंद घर भट्टीसारखे तापते. म्हणून त्या खोलीचा ए.सी. चालूच ठेवावा लागतो आणि ते वीजबिल टाकीच्या खर्चातच धरावे लागते. गोडे पाणी आपोआप भरणारे यंत्र आणि पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा लावला आहे. तरीही यंत्रावर सगळे सोपवता येत नाही. आमच्या मजल्यावर हैदराबादचे एक कुटुंब राहते. टाकी घेण्यापूर्वीच आम्ही त्यांना विचारले आणि त्यांचा होकार आल्यावरच पैसे खर्च केले. खाद्याच्या छोट्या पुड्या तारीख घालून ठेवतो आणि काय करायचे ते उर्दूत एका पानावर लिहून टाकीला चिकटवतो.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये इमारतीची वीज पाच तास गेली. शेजारच्या भाभींनी ते पान वाचले, बॅटरीवरचा हवेचा पंप सुरू केला, बर्फाच्या पाण्याच्या बंद बाटल्या टाकीत सोडल्या आणि आम्हाला फोन केला. पाणी ३१ अंशांवर गेले होते. एक प्रवाळ गेला, बाकी सगळे वाचले. कोंडून उपाशी ठेवलेल्या मांजरीची हदीस आपल्या घरांत मुलांनाही ठाऊक असते. काचेत ठेवलेला जीव स्वतः अन्न शोधायला जाऊ शकत नाही. तो अमानत आहे. सांभाळणारा माणूस मिळत नसेल तर हा शौक करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक हिशेब कायमचे परतण्याचा. ही टाकी भारतात नेता येत नाही. खडकाळ प्रवाळांच्या सर्व जाती आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या साइट्स करारात येतात आणि भारतात त्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. सौदीतली वीज ६० हर्ट्झची आहे, आपल्याकडची ५० ची, त्यामुळे तिथले काही पंपही इथे नीट चालत नाहीत. म्हणून ज्यांचा इकामा अजून दोन-तीन वर्षे तरी चालेल, त्यांनीच सुरुवात करावी आणि जाताना टाकी कोणाकडे द्यायची ते आधी ठरवावे.

मुलांना मात्र प्रवाळ भारतातही भेटतात. मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात ते आहेत आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. मागच्या सुट्टीत आम्ही तिथे गेलो. पाण्याखाली बोट दाखवण्याआधी धाकट्याने नावाड्याला विचारले, "चाचा, इथले पाणी किती अंशांवर असते?"