सही आणि अंगठा

बँकेतली माझी निम्मी नोकरी चेकवरची सही कार्डावरच्या नमुना सहीशी ताडून पाहण्यात गेली. एकदा एका निवृत्त मास्तरांचा चेक मी परत केला. सही त्यांचीच होती. हात तेवढा कापला होता. परवा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या वटवाघळांविषयी वाचताना ते मास्तर आठवले.

तिकडे कॅरोलिया नावाचे एक चिमुकले वटवाघूळ आहे. वजन १५ ते २० ग्रॅम, कोपर ते मनगट जेमतेम ४ सेंटिमीटर. नाकावर भाल्याच्या पात्यासारखे उभे पान असते. पण तसे पान तिथल्या कितीतरी जातींना आहे, तेवढ्यावर चेक पास होत नाही. मग हनुवटी पाहायची. मधोमध एक मोठा चामखीळ आणि त्याला कड धरून बारीक पुटकुळ्यांची ओळ. शेपूट आखूड, पायांमधल्या पडद्यात अर्ध्या वाटेवरच संपणारी. एवढे जुळले की घराणे कळले. नेमकी जात ठरवायची तर हातावरची लव, केसांवरचे रंगपट्टे, दात, सगळेच तपासावे लागते. लिनियसने १७५८ साली यातल्या एका जातीला नाव दिले, आणि भावकीतली एक जात वेगळी ओळखली गेली ती थेट २००२ साली!

हा प्राणी मुख्यतः फळे खातो, तीही आपल्या मिरीच्या आणि नागवेलीच्या चुलतभावंडांची. त्याच्या विष्ठेतून पडलेल्या बियांनी तोडलेले रान पुन्हा उगवू लागते.

पण ज्या गुहेत तो राहतो, तिथेच कधी कधी रक्तपिपासू वटवाघूळही बिऱ्हाड करते. त्याच्यामुळे गुरांना रेबीज होतो, शेतकरी नागवला जातो. त्याचा राग खोटा नव्हे. मात्र त्या रागात सुरुंग लावून गुहाच्या गुहा उडवल्या गेल्या आणि फळे खाणारेही मेले. १९७०च्या दशकात दुसरा उपाय आला. रक्तपिपासू वटवाघूळ पकडायचे, पाठीला रक्त गोठू न देणारे मलम फासायचे आणि सोडून द्यायचे. सोबती ते चाटतात आणि मरतात.

म्हणजे सारा भार आला जाळ्याजवळ उभ्या असलेल्या माणसावर. रात्रीची वेळ, हातात फडफडणारा जीव. नाकावर पान नाही, चपटी गादी आहे, शेपूट नाही, अंगठा लांब आणि त्याखाली गाद्या. असे असेल तरच मलम. त्याने अंगठा नीट पाहिला नाही तर?

मास्तर पुढच्या महिन्यात आले. मी उठून उभा राहिलो. ते म्हणाले, "साहेब, यापुढे अंगठाच घेत चला."